बाबांसाठी चार ओळी

जूनचा तिसरा रविवार हा पितृदिन. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून नव्या वर्गातलं पहिलं हस्तकाम पुष्कळदा बाबांसाठीच असतं. घोटीव कागदाचा शर्ट, त्यावर टाय, आत फळ्यावरून उतरवलेल्या चार ओळी. पुण्याच्या वाघोलीत दगडखाणीवर, टेम्पोवर, आयटी कंपनीत जाणारे बाबा आहेत. त्यांतल्या कितींच्या गळ्यात मुलांनी टाय पाहिला असेल? त्यापेक्षा खडीच्या धुळीने पांढरे झालेले बाबांचे हात मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावेत. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

याच वाघोलीत भारतीय जैन संघटनेचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी तिकडची सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही इथे शिकायला आली. बाबा नसलेलं मूल केवळ तिथेच असतं असं नाही. ते कुठल्याही शाळेत, तुमच्या वर्गातही असू शकतं. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवताना आपण क्षणभर थांबतो का? त्याने बाबांची आठवण लिहिली तर ती मनापासून वाचावी. आजोबांना, मामाला, आईलाच लिहावंसं वाटलं, तर तेही तितकंच खरं.

शिक्षकमित्रांनो, यंदा फळ्यावर नमुना लिहू नका. आणि बाबांनो, तो कागद हातात आला की मुलाला जवळ बसवून त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.