राजा कुठल्या संस्थानचे?

शनिवार पेठेत राहणाऱ्या माणसाकडे येणारा पाहुणा मुळात शनिवारवाड्याकडे आलेला असतो; आपल्याकडे तो फक्त चहाला थांबतो. पाहुण्यांना वाडा दाखवणे हे इथल्या रहिवाशांचे वंशपरंपरागत वतन आहे, आणि इतर वतनांप्रमाणे त्यातही उत्पन्न काही नाही. पाहुणा दिल्ली दरवाज्यापाशी मान वर करून उभा राहतो, आत शिरतो, चौथरे आणि हिरवळ पाहतो आणि विचारतो, "एवढंच?" मग मी पाठ म्हणून दाखवतो: १७३० साली पाया, १७३२ साली वास्तुशांत, खर्च रुपये १६,११०, आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं खाक. आगीबद्दल पाहुणा फारसा हळहळत नाही. सोळा हजारांत वाडा झाला, हे ऐकून मात्र त्याचा जीव तुटतो.

अशा निराश पाहुण्याला मी बाजीराव रस्त्याने शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेतो. पाटी वाचून तो हमखास विचारतो, "हे राजे कुठल्या संस्थानचे?"

संस्थान कुठलं आलंय! दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचं चष्म्याचं दुकान होतं. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करीत. राजा हा त्यांचा मुलगा. लहान वयात गेला. पत्नी कमलाबाईंच्या साथीने या गृहस्थाने गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहाला नाव दिलं मुलाचं. पुढे १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. वस्तू तरी कसल्या? दिवे, दौती, फण्या, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या. तलवार कोणीही जपतो हो. वज्री जपायला वेगळी छाती लागते. वाड्यात घर आहे पण सामान नाही, आणि इथे हजार घरांचं सामान आहे. एवढंच कशाला, कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा उचलून इथे आणून उभा केलेला आहे.

या खेपेला पाहुणा होता माझा भाचा. त्याच्या हातात मोबाईल. रीतसर परवानगीने त्याने जे फोटो काढायला सुरुवात केली, ती थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. आमच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल असे. छत्तिसातले चार लग्नासाठी आणि दोन बारशासाठी राखून मगच ऐतिहासिक वास्तूंचा नंबर लागे. भाचा एकेका अडकित्त्याचे छत्तीस काढत होता. बहुतेकांत काचेवर पडलेलं माझं पोटही आलं आहे.

मी म्हणालो, "अरे, जरा डोळ्यांनी बघ. सगळंच खिशात घालायची ही कसली हाव?"

"आणि केळकरांची कसली होती?" तो म्हणाला. "मी तर फक्त फोटो काढतोय, मामा. अडकित्ता आहे तिथेच आहे. त्यांनी तो कोणाच्या तरी पानाच्या डब्यातून उचलून आणला. आता तो सुपारी कातरणार नाही आणि तो दिवा कधी पेटणार नाही. मग जास्त हावरा कोण?"

पुण्यात मामाला निरुत्तर करणं हा फौजदारी गुन्हा नसल्यामुळे मी नुसताच पुढच्या दालनात गेलो. पण प्रश्न काही हटेना. हाव दोघांचीही खरीच. पानाच्या डब्यातला अडकित्ता डब्यातच राहिला असता तर उत्तमच. पण तो राहिला असता का? स्टीलची भांडी घरोघर शिरली त्या दिवसांत कितीतरी पितळ मोडीत गेलं. मोडीत वजन बघतात, नक्षी बघत नाहीत. तिथून सुटलेल्या वस्तूला आयुष्य दुसरं मिळालं, पण मिळालं. शिवाय केळकरांच्या हावेला दाम पडत होता: घासाघीस करा, ओझं वाहा, धूळ पुसा, जागा शोधा. फुकटच्या हावेला शेवट नसतो. सांभाळावी लागते तिला आपोआप असतो. आपल्या भाषेत 'सांभाळणं' हा शब्द वस्तूला, मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला एकच आहे. मुलगा सांभाळायला उरला नाही, तेव्हा एका बापाने लोकांच्या वस्तू सांभाळल्या, असं मला आपलं वाटतं. आणि सांभाळलेलं शेवटी कोणाच्या तरी हाती द्यावं लागतं. ते त्यांनी दिलं.

रात्री भाच्याचा मोबाईल भरला. जागा नाही, काहीतरी पुसा, म्हणून तो ओरडू लागला. भाचा तासभर मान खाली घालून बसला होता. हा ठेवू की तो, या दिव्याची वात कुठे असेल, त्या अडकित्त्यावरचा मोर कुठे बघतोय, हे तो पहिल्यांदाच नीट बघत होता. संग्रहालयातही सगळ्या वस्तू मांडलेल्या नाहीत. कोणीतरी असंच बसून निवडलं असणार. शेवटी सात फोटो उरले. त्यातला मोराच्या अडकित्त्याचा त्याने माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला पाठवला.

आईचा लगेच फोन. "अस्साच होता रे आमच्याकडे! मोडीत गेला. बदल्यात तीन पातेली आली." मग जरा थांबून म्हणाली, "त्याचा मोर डावीकडे बघायचा."

भाच्याने फोटो पुन्हा उघडून पाहिला. हा उजवीकडे बघत होता.