परक्या घरचं अन्न

॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



इंदूरच्या ग्रुपमधून एका माउलीचा प्रश्न आला आहे. लेकीची दहावी झाली. एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत जायचं, तिथल्याच एका कुटुंबात राहायचं, असा विचार आहे. फॉर्ममध्ये आहाराबद्दल विचारलंय. कुणीतरी सुचवलं, "शाकाहारी लिहिलं तर घर मिळायला त्रास होईल, 'सगळं खाते' लिहून टाका, तिथे गेल्यावर बघू." काय करावं?

आम्ही सांगतो, असं लिहू नये. पण का, ते नीट समजून घ्या.

तुमच्या लेकीला घरात घेणारं कुटुंब त्याचे पैसे घेत नाही. या शालेय योजनेत यजमान कुटुंबाला मोबदला द्यायचा नाही, असा अमेरिकेचा नियमच आहे. कोण कुठली मुलगी, तिचा फॉर्म वाचून ती माणसं खोली रिकामी करतात, ताटात वाढतात. आपल्याकडे हे नवीन नाही. आपल्या आजे-पणज्यांपैकी कितीतरी जण वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मुलाला आपली जागा ठाऊक असायची. वेळेवर जायचं, वाढलं ते जेवायचं, आपलं ताट उचलायचं आणि 'अन्नदाता सुखी भव' म्हणून निघायचं. रोटरीच्या एक्स्चेंजमध्ये तर मूल वर्षात बहुधा एकाहून अधिक घरी राहतं, म्हणजे वारच की!

अशा अन्नाचं ऋण असतं, आणि त्या ऋणाची सुरुवात खोट्याने करायची नाही. पहिल्याच रात्री त्या बाईने हौसेने चिकन रांधलं आणि मुलगी ताटासमोर रडत बसली, तर त्या अन्नदात्रीला काय वाटेल? खरं लिहिल्यावर घर मिळायला उशीर होईल. कदाचित मिळणारही नाही. नाही तर नाही.

पण शाकाहार हा मुलीचा स्वतःचा नियम आहे की फक्त आईचा, हे आधी तिला विचारा. आईचा नियम विमानतळापलीकडे टिकत नाही. केकमधलं अंडं चालेल का, जिलेटिनच्या गोळ्या चालतील का, हे तिनेच घरी बसून ठरवावं. आणि तिला (मुलगा जाणार असेल तर त्यालाही!) वरण-भात, पोहे, दोन भाज्या करता आल्या पाहिजेत. आपल्यासाठी वेगळं रांधायला त्या गृहिणीला लावू नये. इथे मुलांना पाण्याचा पेला हातात मिळतो. तिथे भांडी घासायची, कचरा बाहेर न्यायचा, कुत्र्याला फिरवायचं.

श्रीकृष्णाची आठवण ठेवा. कंसाला मारून मथुरा मोकळी केलेला तो, पण उज्जैनला सांदीपनींच्या घरी गुरुपत्नीने सांगितलं म्हणून सुदाम्याबरोबर सरपणाला रानात गेला, पावसात रात्रभर भिजला. इंदूरकरांनो, अंकपात तुमच्यापासून दीड तासावर आहे. जाण्याआधी मुलीला तिथे एकदा घेऊन जा.

घरची मंडळी रविवारी चर्चला निघाली आणि हिला बोलावलं, तर जाऊन शांत बसल्याने काही बिघडत नाही. मनात नाम चालू ठेवावं. जायचं नसेल तर नम्रपणे नको म्हणावं.

आता एक गोष्ट, आणि ही आयांनी नव्हे, बापांनीही वाचावी. आपण मुलांना शिकवलं, मोठ्यांना उलट बोलू नये. परक्या घरात तेवढंच पुरत नाही. तिथल्या प्रौढ माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते, स्थानिक समन्वयक दर महिन्याला मुलाशी बोलतो, हे नियम आहेत. तरी कुणाचा स्पर्श, कुणाचं बोलणं खटकलं, तर सोसायचं नाही. त्याच दिवशी समन्वयकाला आणि घरी सांगायचं. 'अन्नाचं ऋण' याचा अर्थ सोसणं असा आम्ही कधीही सांगितलेला नाही. हे वाक्य मुलीला मोठ्याने वाचून दाखवा, आणि "तू सांगशील त्यावर आम्ही विश्वास ठेवू" असं तिच्या बापाने तोंडाने म्हणावं. समन्वयकाचा नंबर कागदावरही लिहून द्या, मोबाइल हरवतो.

शाळेचंही विचारून घ्या. तिथलं वर्ष इथे धरलं जाईल की अकरावी पुन्हा करावी लागेल, हे बोर्डाकडून आणि शाळेकडून आधी लेखी घ्यावं.

राहिली गुरुवारची आरती. बडोदा, बेळगावहूनही विचारणा झाली की परदेशातल्या मुलांना व्हिडिओवर बसवावं का. आपल्या संध्याकाळच्या सातला शिकागोत सकाळचे साडेआठ असतात, हिवाळ्यात साडेसात. मूल वर्गात असेल, नाहीतर शाळेच्या बसमध्ये. त्याला फोन करू नका. त्याच्या वाटची आरती घरच्यांनी म्हणावी. मुलाने झोपण्यापूर्वी अकरा वेळा नाम घ्यावं. आणि रोज रोज "जेवलीस का" विचारत बसू नका, आठवड्याला एक फोन पुरे. पहिले दोन महिने ती रडेल, तुम्हीही रडाल.

जय सद्गुरू 🙏