राहेलचे दुःख आणि रब्बी अरामा

मानवी जीवनाचे साफल्य कशात आहे? ज्या दांपत्याच्या घरी पाळणा हलला नाही, त्यांचा संसार निष्फळ म्हणावा काय? हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत सहसा कुणी उघडपणे विचारीत नाही. पण लग्नघरी आणि बाप्तिस्म्याच्या समारंभात तो नजरेने विचारला जातो. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधील एका यहुदी प्रवचनकाराने त्याला दिलेले उत्तर आम्हांला मननीय वाटते.

रब्बी इसहाक अरामा यांचा जन्म १४२० च्या सुमारास झाला. झामोरा येथे अध्यापन केल्यावर तारागोना, फ्रागा आणि कालातायुद या नगरांतील यहुदी समाजाची त्यांनी सेवा केली. त्या काळी यहुद्यांना ख्रिस्ती उपदेशकांची प्रवचने सक्तीने ऐकावी लागत. त्यांतील तात्त्विक मांडणीने प्रभावित झालेले श्रोते आपल्या गुरूंकडेही तशाच सकस विचारांची मागणी करू लागले. अरामा यांनी ती पुरी केली. त्यांच्या प्रवचनाचे दोन भाग असत : प्रथम एखाद्या तात्त्विक प्रश्नाचा शोध आणि मग त्या प्रकाशात शास्त्रवचनाचा उलगडा. मोशेच्या पंचग्रंथांवरील अशा प्रवचनांचा त्यांचा ग्रंथ म्हणजे ‘अकेदत यित्झहाक’, अर्थात ‘इसहाकाचे बंधन’. त्यात १०५ ‘द्वारे’ आहेत. १४९२ च्या राजाज्ञेने यहुद्यांना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. वृद्ध अरामा नेपल्सला गेले आणि १४९४ मध्ये तेथेच निवर्तले. पुढे १५२२ साली सलोनिका येथे हा ग्रंथ छापला गेला.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या स्त्रीला दोन नावे आहेत, याकडे अरामा लक्ष वेधतात. पहिले नाव ‘इशा’. पुरुषवाचक ‘इश’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. आपल्या मराठी शास्त्रातील ‘नर’ आणि ‘नारी’ ही जोडी तेच नाते दाखवते. दुसरे नाव हव्वा, म्हणजे सर्व जिवंतांची माता. अरामा म्हणतात, ही दोन नावे म्हणजे स्त्रीजीवनाची दोन प्रयोजने होत. पुरुषाप्रमाणेच तिने ज्ञानात आणि सदाचरणात वाढावे, हे पहिले. मातृत्व हे दुसरे. दुसरे लाभले नाही, तरी पहिले अबाधित राहते. सत्कर्मे हीच नीतिमानांची खरी संतती.

मूल नसेल तर आपण मेल्यातच जमा, असे राहेल म्हणाली, तेव्हा याकोब रागावला. अरामा यांच्या मते तो राग याचसाठी होता : तिने स्वतःला केवळ हव्वा मानले आणि नारी असल्याचे ती विसरली.

तथापि, दुःखी स्त्रीला असे उत्तर द्यावे काय? प्राचीन यहुदी पंडितांनी याच प्रसंगी याकोबालाच दोष दिला आहे. आम्हांला दोन्ही मते हवीत. अरामांचे तत्त्व खरे आहे. परंतु ते रडणाऱ्या राहेलला ऐकवण्यापूर्वी तिला दुखावणाऱ्या समाजाला ऐकवले पाहिजे. आपण अविवाहित धर्मगुरूला ‘फादर’ म्हणतो आणि मठातील भगिनीला ‘मदर’. त्यांना कुणी निष्फळ समजत नाही. मग शेजारच्या अपत्यहीन सुनेलाच ‘वांझ’ हा शब्द का?

माणसाला साधन मानले की अन्याय सुरू होतो. सक्तीच्या प्रवचनात यहुदी श्रोत्याची सदसद्विवेकबुद्धी कुणी विचारात घेतली नाही; घराण्याच्या वारसापुरते जिचे मोल, त्या स्त्रीचे मनही कुणी विचारात घेत नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६५ मध्ये यहुद्यांविषयीच्या द्वेषाचा निषेध केला आणि परस्पर आदराचा मार्ग दाखवला. त्या आदरानेच आज आम्ही एका रब्बीकडून शास्त्राचा अर्थ शिकतो.

धर्मग्रामातील पुढच्या बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला प्रथम कुणाच्या हाती द्यावे, याचा विचार करताना आपल्यातील एखाद्या राहेलची आठवण ठेवावी, एवढीच आमची वाचकांना विनंती.