अकरा विजय, दोन पराभव

सांगोला विधानसभा मतदारसंघाचे १९६२ पासूनचे निकाल मी एकदा वहीत उतरवून घेत होतो. डावीकडे वर्ष, मग विजयी उमेदवार, मग पक्ष, असे तीन रकाने. पहिली ओळ १९६२ ची : गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). दुसरी १९६७ ची, तीच. पुढे १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९९, २००४, २००९, २०१४. तेच नाव लिहून लिहून हात दमला, तेव्हा जुन्या चोपड्यांत असतं तसं ‘वरीलप्रमाणे’ लिहायला लागलो. पान भरलं आणि नजर खिळली ती मधल्या दोन ओळींवर, १९७२ आणि १९९५ वर. तिथे ‘वरीलप्रमाणे’ लिहिता आलं नव्हतं.

तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. १९६२ ते २०१९ या सत्तावन्न वर्षांपैकी सुमारे एक्कावन्न वर्षं हा माणूस विधानसभेत होता. पहिल्यांदा आत आला तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. शेवटच्या वेळी निवडून आला तेव्हा देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले, ज्यांचा जन्मच मुळी १९७० सालचा.

गणपतरावांबद्दल बोलताना पहिला शब्द येतो तो ‘विक्रम’. या शब्दाशी जरा थांबायला हवं. करुणानिधी तमिळनाडूच्या विधानसभेवर तेरा वेळा निवडून गेले आणि एकदाही हरले नाहीत. पण ते कुळितलैपासून तिरुवारूरपर्यंत मतदारसंघ बदलत गेले. केरळचे के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, तेही कधी न हरता. मात्र त्यांच्या केरळ काँग्रेसची शकलं किती झाली, हे केरळातल्या जाणकारालाही चटकन सांगता यायचं नाही. एकाचा पक्ष कायम राहिला, दुसऱ्याचा मतदारसंघ. गणपतरावांचे दोन्ही कायम राहिले, आणि वर दोनदा पडूनही ते तिथेच उभे राहिले. नुसती बेरीज केली तर अकरा हा आकडा तेरापेक्षा लहानच. माझ्या लेखी मात्र या कारकिर्दीचं मोल त्या बेरजेत नाही. पडलेला उमेदवार त्याच पक्षाकडून, त्याच गावांत, त्याच माणसांपुढे पुन्हा जातो आणि ती माणसं त्याला पुन्हा निवडतात, यात आमदारकीचा खरा अर्थ आहे.

१९७२ चा पराभव समजण्यासारखा आहे. बांगलादेशच्या युद्धानंतरची ती निवडणूक. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात २२२ जागा घेतल्या आणि शेकाप १९ वरून ७ वर आला. त्या लाटेत सांगोलाही गेलं. दोन वर्षांनी पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव परत आले. १९९५ चा पराभव वेगळा. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, शिवसेना-भाजप युती आली. आणि नेमकं त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. फरक होता १९२ मतांचा. एका मोठ्या वाडीत याहून जास्त मतदार असतात. सत्तरीला टेकलेल्या माणसाने इथे निवृत्ती घेतली असती तर कोणी नावं ठेवली नसती. ते चार वर्षं तालुक्यात फिरत राहिले, १९९९ ला जिंकले आणि पुढची वीस वर्षं आमदार राहिले.

याच काळात त्यांचा पक्ष कसा आटत गेला, तेही पाहायला हवं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी १९४७ साली शेतकरी कामगार पक्ष काढला, तेव्हा तो काँग्रेसला खेडोपाडी आव्हान देईल अशी आशा होती. पुढे जेधे आणि मोरे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. यशवंतरावांनी बेरजेचं राजकारण मांडलं आणि शेकापचे गडी एकेक करून त्या बेरजेत गेले. १९६७ ला एकोणीस आमदार होते, १९७८ ला तेरा, १९९५ ला सहा, २००४ ला दोन, २०१४ ला तीन. त्या तिघांत एक गणपतराव. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती, सगळ्यांची दारं काँग्रेसच्या वाड्यातून उघडत होती. अशा मुलखात लाल बावटा धरून बसायचं म्हणजे आपल्या कार्यकर्त्याला रोज उठून ‘आपल्याला कशाला मिळेल?’ हे ऐकायला लावायचं. पक्षांतर केलं असतं तर मंत्रिपद कायमचं दारात होतं. तसं मंत्रिपद त्यांना दोनदा मिळालं : १९७८ ला पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात, पणन आणि रोजगार हमीचं. दोन्ही वेळा ते शेकापचे म्हणूनच गेले.

रविवारी सांगोल्याला जनावरांचा बाजार भरतो. खिल्लार बैल पाहायला लांबलांबून माणसं येतात. काही वर्षांपूर्वी त्या बाजारात, दावणीच्या कडेला कांबळ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाशी बोलत होतो. आबासाहेबांचा विषय मीच काढला. सांगोल्यात गणपतरावांना आबासाहेब म्हणतात. म्हातारा म्हणाला, “आबासायब ऐकून घ्यायचं. काम व्हईल न व्हईल ते म्होरलं. पर बसवून घ्यायचं, ऐकून घ्यायचं.” मी विचारलं, “आणि पाणी?” तो थोडा वेळ बैलाकडे बघत राहिला. “आलं की. उशिरा आलं, पर आलं. माज्या बाला न्हाई बगाय गावलं.”

त्या तीन वाक्यांत गणपतरावांच्या बाजूचा आणि विरुद्धचा असा सगळा खटला आहे.

सांगोला माणदेशात. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. माण आणि कोरडा या इथल्या नद्या. दुसरीचं नावच तिची कहाणी सांगतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ‘जगायला’ जायचं, हा पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज. अशा तालुक्याला पाणी द्यायचं तर ते कृष्णेतून उचलून आणावं लागतं. कराडजवळ टेंभूला आणि मिरज तालुक्यात म्हैसाळला पंप बसवायचे, टप्प्याटप्प्याने पाणी चढवायचं, डोंगर फोडून बोगदे काढायचे, मैलोन्‌मैल कालवे खणायचे. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी तिचे पुढारी, आणि गणपतराव त्या व्यासपीठावर वर्षानुवर्षं. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं, टेंभूचं काम सुरू झालं, निधी थांबला, पुन्हा मिळाला, पुन्हा थांबला. पाणी पोचल्यावरही पंपांचं वीजबिल थकलं की पंप बंद. मग बिलाचा ८१ टक्के भार सरकारने उचलावा आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी, असं ठरलं. उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

अशा योजनेला वीस-पंचवीस वर्षं लागतात. आमदाराची मुदत पाच वर्षांची. त्या पाचांत दाखवता येईल असं काम म्हणजे सभामंडप, कमान, गावाच्या वेशीपर्यंतचा डांबरी रस्ता. मतदारही तेच मागतो, कारण त्यालाही पाचच वर्षं दिसतात. सांगोल्याच्या मतदाराने एकाच माणसाला दहा-वीस वर्षं सलग दिली, म्हणून पाण्याचा प्रश्न कुणाच्या तरी डोक्यात सलग राहिला. कोणत्या अधिवेशनात काय आश्वासन दिलं होतं, कोणत्या अर्थसंकल्पात किती तरतूद होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे लक्षात ठेवणारा माणूस सभागृहात असला की मंत्र्याला उत्तर तयार करून यावं लागतं. अधिकारी बदलतात, मंत्री बदलतात, सरकारं जातात. हा तिथेच असतो. दीर्घ कारकिर्दीचा सर्वांत मोठा उपयोग मला हा वाटतो.

आता विरुद्ध बाजू. ‘पन्नास वर्षं आमदार होते, मग तालुका दुष्काळीच का राहिला?’ हा प्रश्न सांगोल्याच्या चहाच्या टपरीवरही विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. मेंढपाळाच्या बापाला पाणी बघायला मिळालं नाही, हे खरंच आहे. एवढ्या वर्षांतली बहुतेक वर्षं गणपतराव विरोधी बाकांवर होते आणि विरोधी आमदाराच्या हाती तिजोरीची किल्ली नसते, हे उत्तर बरोबर असलं तरी पुरेसं नाही. मी त्यात एवढंच घालीन की जे हाताशी होतं त्याचं त्यांनी काय केलं, तेही मोजा. जिथे कापूस फारसा पिकत नाही तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडून बंद पडल्या. सांगोल्याची चालत राहिली आणि पाऊस न झालेल्या वर्षीही घरात पगार येत राहिला. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची प्रादेशिक योजना झाली. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली, तिचा फायदा ज्या तालुक्यांनी मनापासून घेतला त्यांत सांगोला पुढे. मुरमाड माळावर डाळिंब उभं राहिलं आणि कालपर्यंत खडी फोडायला जाणारा शेतकरी बागायतदार झाला. डाळिंबाचं श्रेय अर्थात एकट्या आमदाराला द्यायचं नसतं, ते माळाशी झुंजणाऱ्यांचं आहे.

माझी तक्रार वेगळी आहे आणि आदर ठेवूनच ती मांडतो. एवढ्या काळात पक्षाची दुसरी फळी हवी तशी उभी राहिली नाही. राज्यभर शेकाप ओसरला, तेव्हा सांगोल्यातही पक्ष म्हणजे आबासाहेब असं समीकरण होऊन बसलं. २०१९ ला वयामुळे त्यांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं, तेव्हा उमेदवारी घरातच गेली, नातू अनिकेत यांच्याकडे. ते ७६८ मतांनी पडले. विजयी झाले ते शहाजीबापू पाटीलच, या वेळी शिवसेनेचे. घराणेशाहीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या चळवळीला अखेर घरातला उमेदवार द्यावा लागणं मला खुपतं. पण त्या ७६८ मतांचा दुसरा अर्थही आहे : सांगोल्याने आंधळेपणाने नावाला मत दिलं नाही. नातू असला तरी त्याला तोलून पाहिलं.

शहाजीबापूंची कारकीर्दही या गोष्टीत महत्त्वाची. १९९५ ला काँग्रेस, पुढे शिवसेना, २०२२ ला शिवसेनेतून फुटून गुवाहाटीला गेलेल्या आमदारांमध्ये ते होते. महाराष्ट्रात आज हा प्रवास अपवादाचा उरलेला नाही, म्हणून एकट्या त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८५ ला पक्षांतरबंदीचा कायदा आला, २००३ ला तो कडक झाला, तरी पक्ष फुटायचे थांबले नाहीत. कायदा माणसाला जागेवरून हलण्याची शिक्षा देऊ शकतो. जागेवर राहावंसं वाटायला लावू शकत नाही. गणपतराव राहिले ते कायद्याच्या धाकाने राहिले नाहीत. त्यांच्या पहिल्या पाच विजयांच्या वेळी तो कायदा अस्तित्वातही नव्हता.

एस.टी.ने फिरणारा आमदार म्हणून त्यांची आठवण काढली जाते आणि ती खरी आहे. मला मात्र वाटतं, साधेपणाच्या या गोष्टी सांगता सांगता आपण त्यांचं मुख्य काम झाकून टाकतो. साधा माणूस आमदार म्हणून निकामी असू शकतो. गणपतराव वकिली शिकलेले, नियमांचं पुस्तक पाठ असलेले, १९७७-७८ ला विरोधी पक्षनेतेपद सांभाळलेले संसदपटू होते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही त्यांची अवजारं. ती अवजारं आज गंजत पडली आहेत. अधिवेशनं आठवड्यांवर आली आहेत आणि आमदाराचं मोजमाप त्याने आणलेल्या निधीच्या कोटींत होतं. सभागृहात तो काय बोलला, हे त्याच्या मतदारसंघात कुणी विचारत नाही.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात, वयाच्या ९४ व्या वर्षी, गणपतराव गेले. २०२४ ला त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. २८८ जणांच्या सभागृहात शेकापचे ते एकटे आमदार आहेत.

विधिमंडळाच्या कार्यवाहीत गणपतरावांची अर्ध्या शतकाची भाषणं आहेत : दुष्काळावर, पाण्यावर, रोजगार हमीवर, सहकारावर. माझी विनंती सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा इथल्या शाळा-कॉलेजांत शिकवणाऱ्या वाचकांना आहे. त्यांतलं एखादं, आपल्या तालुक्याच्या पाण्यावरचं, मिळवा आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. त्या दिवशी मंत्र्याने काय उत्तर दिलं होतं, तेही वाचा. मग मुलांना कालव्यावर घेऊन जा.