बाप्तिस्म्याने काय होते व काय होत नाही

पिंपळनेरकडील एका बंधूंनी आम्हांस दोन प्रश्न विचारले आहेत. ते म्हणतात, "माणूस अंतःकरणाने प्रभूचा झाला, तर पाण्याचे काम काय उरले? आणि पाणी घेऊनही त्याची दारू व भांडणे सुटली नाहीत, तर त्या पाण्याने केले तरी काय?" हे प्रश्न उपहासाने विचारलेले नाहीत. बंधूंच्या घरी वृद्ध आई आहे. मुलाने बाप्तिस्मा घेतला तर आपल्यामागे आपले क्रियाकर्म कोण करील, ह्या चिंतेने ती माउली रडते. तस्मात् उत्तर जपून देणे आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम दुसरा प्रश्न घेऊ. बाप्तिस्म्याचे पाणी म्हणजे मंतरलेले पाणी नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पूर्वी भगताचा अंगारा लावीत, तीर्थास जाऊन पर्वणीचे स्नान करीत. ख्रिस्ती झाल्यावरही ती जुनी समजूत मनाच्या कोपऱ्यात राहते, आणि पाळकाच्या हातचे पाणी अंगावर पडले की पाप आपोआप गेले, असे वाटू लागते. पवित्र शास्त्र असे शिकवीत नाही. शोमरोनातील शिमोन जादूगाराने फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत तो पवित्र आत्म्याचे दान पैशाने विकत मागू लागला. पेत्राने त्यास सांगितले की, तुझे अंतःकरण देवापुढे सरळ नाही. उलटपक्षी, वधस्तंभावरील चोरावर पाण्याचा एक थेंबही पडला नाही, तरी त्याच दिवशी तो प्रभूबरोबर सुखलोकात गेला. पहिल्यास पाणी मिळाले व तारण नाही. दुसऱ्यास तारण मिळाले व पाणी नाही. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात हेच समजावितो. बाप्तिस्मा म्हणजे अंगाचा मळ धुणे नव्हे, तर शुद्ध विवेकभावाने देवाकडे वळून त्यास दिलेला शब्द होय.

आपल्याच देशातील एक साक्ष पाहा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तो त्यांनी कोणाच्या भयाने अथवा लोभाने घेतला नव्हता. तरी पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले की, तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी सापडला. इतक्या विदुषीस जर असे म्हणावे लागले, तर आपण आपल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर विसंबून स्वस्थ बसावे काय? परंतु हेही ध्यानात असू द्यावे की, रमाबाईंनी आपला पहिला बाप्तिस्मा व्यर्थ ठरविला नाही. दिलेला शब्द खराच होता. त्याचा पुरता अर्थ त्यांस मागाहून कळला.

आता पहिला प्रश्न. पाण्याने तारण होत नाही, तर पाणी टाळावे, असा तर्क कोणी करील. तो शास्त्रास धरून नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरची गोष्ट आहे. त्या घरच्या लोकांवर पवित्र आत्मा आधीच उतरला होता. आमच्या बंधूंचा तर्क खरा असता, तर पेत्राने म्हटले असते की, आतले काम झाले, आता बाहेरच्या खुणेची गरज नाही. त्याने नेमके उलट केले. ह्यांस आत्मा मिळाला आहे, म्हणूनच ह्यांस पाणी कोणी नाकारू नये, असे तो म्हणाला. आत्म्याचे दान हे पाणी टाळण्याचे नव्हे, तर पाणी देण्याचे कारण ठरले.

असे का असावे? कारण मनुष्य नुसत्या मनाने जगत नाही. एखाद्याने मनात म्हटले की अमक्या मुलीशी मी लग्न करीन, तर तेवढ्याने ती त्याची बायको होत नाही. चारचौघांत शब्द द्यावा लागतो, आणि तो दिल्यावर तिचा त्याजवर हक्क उत्पन्न होतो. मनातल्या मनात केलेला करार मनातल्या मनात मोडताही येतो. बाप्तिस्म्यात देव आपली खूण आपणांवर ठेवितो, आणि आपण मंडळीसमक्ष शब्द देतो. त्या दिवसापासून प्रभूचा व मंडळीचा आपणांवर हक्क, आणि आपला मंडळीवर हक्क.

पांझरा नदीकाठच्या वाचकांस हे फडाच्या उदाहरणाने अधिक चांगले समजेल. नदीस बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे व गावच्या शेताचे फड करून पाळीपाळीने भिजवावयाचे, ही रीत ह्या खोऱ्यात शेकडो वर्षे चालत आली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने पाणी सोडावयाचे, आणि पाटातील गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा. फडात ज्याचे शेत आहे, त्यास पाण्याचा वाटा आहे आणि गाळ काढण्याचे कामही आहे. "मला पाणी हवे, परंतु फडाची शिस्त नको," असे म्हणणाऱ्यास गाव काय उत्तर देईल? बाप्तिस्मा म्हणजे फडात येणे होय. जो म्हणतो की मी एकट्याने प्रभूस मानतो, मला मंडळी नको, तो पाण्याचा वाटा मागतो व गाळ काढावयास नाकारतो. आणि जो बाप्तिस्मा घेऊन पुन्हा मंदिराकडे फिरकत नाही, त्याचे शेत फडात असूनही कोरडेच राहते.

पाण्यात बुडवून द्यावा की वरून ओतून द्यावा, बालकांस द्यावा की जाणत्यांसच, ह्याविषयी निरनिराळ्या मिशनांचे निरनिराळे मत आहे, व त्यावर येथे वाद करण्याची आमची इच्छा नाही. रीत कोणतीही असो, अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितला आहे. ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे, व त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालणे, हा तो अर्थ होय.

हे मरण स्वस्त नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रि ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, परंतु त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयाने त्यास आईबापांच्या स्वाधीन केले. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही ह्याचा मोठा वाद माजला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी परत घेण्याचा पक्ष धरिला. वाद धाकट्याविषयी झाला. बाप्तिस्मा घेतलेल्या थोरल्याविषयी नव्हे. त्या पाण्याचे वजन जगास पुष्कळदा आपल्याहून अधिक कळते!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे ताटातुटीने दिली. लक्ष्मीबाई काही काळ त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तरी त्यांचा स्वयंपाक व पाणी प्रथम वेगळेच होते. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा विचार त्यांच्या मनात हळूहळू पिकला, सोवळे गळून पडले, आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंच्या बाबतीत खूण आधी व उमज मागून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत उमज आधी व खूण मागून. प्रभूने दोघींसही टाकिले नाही.

ह्याच टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढिला, व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा दिली. बाप्तिस्म्याची गरज नाही असे ह्यावरून कोणी म्हणेल, तर आमचे उत्तर असे की, टिळकांनी दुसऱ्यांसाठी दार उघडे ठेविले, परंतु स्वतः घेतलेले पाणी पुसले नाही. थांबणे निराळे व लपणे निराळे. जो अद्याप शिकत आहे, झगडत आहे, त्यास उपदेशकांनी घाई करू नये व प्रार्थनेस येण्यास अडवू नये. बाप्तिस्म्यांची संख्या वाढविण्याचा मोह तर मुळीच धरू नये. पौलाने करिंथकरांस लिहिताना आपण त्यांच्यापैकी थोड्यांसच बाप्तिस्मा दिला म्हणून देवाचे आभार मानिले आहेत.

लपण्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्यांस अनुसूचित जातीचा हक्क राहिला नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात, म्हणजे आपल्या भिल्ल व कोकणा बंधूंच्या बाबतीत, धर्माची अशी अट घातली गेली नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीकडील एका बाईच्या दाव्यात ठरविले की, बाप्तिस्मा झालेला असून व नित्य मंदिरात जात असून केवळ राखीव नोकरीसाठी आपण हिंदू आहो असे म्हणणे, हे राज्यघटनेशी कपट होय. मूळ अट आम्हांस न्यायाची वाटत नाही, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाचा तिरस्कार धुऊन जात नाही. ती बदलावी म्हणून उघडपणे मागणी करणे योग्यच आहे. परंतु पाणी नाकारून दाखला मिळविणे म्हणजे शेकोटीपाशी पेत्राने जे केले तेच करणे होय. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याचा न्याय करण्यास आम्ही धजत नाही. पेत्रासही प्रभूने पुन्हा जवळ घेतले. तथापि पेत्र आधी रडला, हे विसरू नये.

आणि मंडळीनेही आपले अंतःकरण तपासावे. ख्रिस्तात यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे पौल गलतीकरांस बाप्तिस्म्याच्या संबंधानेच लिहितो. मग आपल्या मंडळीत पंगतीस बसताना व सोयरीक जुळविताना आदली जात का विचारली जाते? बाहेरच्याने पाणी लपविले तर आपण त्यास बोल लावितो. आपण तर ते घेऊनही वाळवून टाकिले आहे.

शेवटी आमच्या बंधूंस सांगावयाचे ते हे. आईस फसवून, रात्री कोठे जाऊन बाप्तिस्मा घेऊ नका. तिच्याजवळ बसा व आधी तिला सांगा. ती रडेल, रडू द्या. बाप्तिस्म्याने आईबापांचा मान राखण्याची आज्ञा सुटत नाही, उलट अधिक बांधते. तिच्या आजारपणी तिचे पाय तुम्हीच चेपा, तिचे पथ्यपाणी तुम्हीच पाहा. तिच्या मरणानंतर मूर्तिपूजेचे विधी तुमच्या हातून होणार नाहीत, हे लपवू नका. परंतु ती जिवंत आहे तोवर कोणत्याही मुलाने केली नसेल अशी सेवा करा. दारू व भांडणे आजच सोडावयास लागा, बाप्तिस्म्याच्या दिवसाची वाट पाहू नका. मग जेव्हा तुम्ही पाण्यापाशी याल, तेव्हा कदाचित ती माउली काठावर उभी राहील, कदाचित राहणार नाही. तुमचा शब्द मात्र खरा असेल. आणि देवाचा शब्द तर तुमच्या शब्दाच्या आधीपासूनच खरा आहे.