टॅरोचा पत्ता आणि पवित्र मारियेचे मन



‘फादर, आम्ही भविष्य पाहत नाही. सकाळी फक्त एक टॅरो कार्ड काढतो आणि त्यावरून स्वतःच्या मनाचा विचार करतो. यात पाप ते काय?’ हा प्रश्न अलीकडे आपल्या तरुण मंडळींकडून कानी येतो. विचारणारे श्रद्धाहीन नाहीत. रविवारच्या मिस्साला येणारी, गायनवृंदात गाणारी, घरी जपमाळ करणारी ही मुले-मुली आहेत. तेव्हा ‘हे सैतानाचे काम’ असे एका वाक्यात सांगून त्यांना गप्प बसवणे आम्हांला योग्य वाटत नाही. प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच असावे.

प्रश्न येतो कोठून, ते आधी पाहू. लातूर म्हटले की शिकवणी वर्ग आणि निकाल. नांदेडही आता त्यात मागे नाही. मुलांवरच्या ताणाविषयी सगळे बोलतात, पण त्यांना शिकवणाऱ्यांची, ज्यांची नोकरी निकालाच्या टक्क्यांवर लटकलेली असते त्यांची विचारपूस कोण करतो? विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबणारे शिक्षक, खाजगी बँकेत महिनाअखेरचे टार्गेट गाठताना जेवण विसरणारे तरुण, रात्रपाळी करून सकाळी मुलांचे डबे भरणाऱ्या परिचारिका, हे सगळे आपल्याच बाकांवर बसतात. कित्येक घरांत नवरा नांदेडला तर बायको लातूरला. शनिवारी संध्याकाळी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी. पोहोचते आणि रविवारी दुपारी परतीची पिशवी भरायला घ्यावी लागते. उरलेले सहा दिवस संसार मोबाइलवर चालतो. फोनवर एक शब्द वावगा गेला की अबोला सुरू होतो आणि तो मिटवायला समोरासमोर बसण्याची सोय नसते. अशा एखाद्या रात्री झोप येत नाही, आणि हातातल्या त्याच मोबाइलवर कोणीतरी रंगीत पत्ते पसरून सांगते, एक पत्ता निवडा, तुमचे मन तुम्हांला कळेल.

आपल्या मराठवाड्याला हे अगदीच नवे नाही. बाजाराच्या दिवशी पोपटवाला बसायचा. पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन चोचीने एक चिठ्ठी ओढायचा आणि तीत आपले नशीब असायचे. नंदीबैलवाला दारात यायचा. पाऊस पडेल का, पोरीचे लग्न जमेल का, असे विचारले की नंदी मान डोलवायचा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावरचे राशिभविष्य? नाताळ आणि गुड फ्रायडेची तारीख पाहता पाहता पान उलटून आपली रास शोधणारे आपल्यातही थोडे नाहीत. टॅरोच्या टेबलावर पोपटाचे काम आपण स्वतःच करतो, एवढाच काय तो फरक! पण टॅरो इंग्रजी शब्द घेऊन येतो, ‘हीलिंग’ आणि ‘सेल्फ-रिफ्लेक्शन’ अशी त्याची भाषा असते. शिकलेल्या माणसाला पोपटासमोर बसायची लाज वाटते, इथे वाटत नाही.

या पत्त्यांचा इतिहास कळला की त्यांची भीती आणि आकर्षण दोन्ही बरेच कमी होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निघाले ते निव्वळ खेळण्यासाठी. पुढे तीनशेहून अधिक वर्षे लोक त्यांच्याशी डाव मांडत होते. १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने हे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे असे लिहिले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही विद्वान युरोपात नव्हता. ती उलगडली १८२२ मध्ये. पण तोवर पत्त्यांचा धंदा जोरात सुरू झाला होता. संचात ७८ पत्ते असतात, पैकी २२ विशेष चित्रांचे. त्या चित्रांत पोप आहेत, तुतारी फुंकणारा देवदूत आणि कबरींतून उठणारी माणसे आहेत. धर्मशिक्षणात आपण चार मूलभूत सद्गुण शिकलो. त्यांपैकी न्याय, धैर्य आणि संयम हे तीन त्या पत्त्यांत आहेत. चौथा म्हणजे विवेक, तो मात्र या संचात नाही!

मग पत्ता आपल्याविषयी इतके अचूक कसे बोलतो? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते, याला ५ पैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४ हून अधिक आली. वर्णन सर्वांना एकच दिले होते, आणि त्यातली वाक्ये त्याने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून काळजीत असता’ हे वाक्य लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून कोणालाही सांगा, तो थांबून ऐकेल.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, फादर, मान्य. पत्त्यात शक्ती नाही. पण चित्र पाहून विचार तर सुचतो ना? आपणही क्रूसाची वाट करताना चौदा चित्रांपुढे थांबतोच की. हा मुद्दा बिनतोड वाटतो. म्हणून एक पत्ता घेऊनच पाहू.

आज सर्वाधिक प्रचलित असलेला संच १९०९ मध्ये लंडनला छापला गेला. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. (पुढे दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि नंतर इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात धर्मगुरूंसाठी विश्रामघर चालवले. पत्ते काढणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असते.) त्या संचात तलवारीची तिर्री आहे. लाल हृदय, त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. समजा, नवऱ्याशी भांडण झालेल्या बहिणीच्या हाती रात्री अकरा वाजता हा पत्ता आला. पुस्तकात अर्थ दिलेला असतो हृदयभंग, दुरावा, विश्वासघात. ती बिचारी आणखी एक पत्ता काढते, मग आणखी एक. बारा वाजतात. सकाळी तिच्या मनात संशय पक्का झालेला असतो आणि नवऱ्याला तर काहीच माहीत नसते. जो फोन अकरा वाजता करता आला असता, तो झालेलाच नसतो.

हे हृदय आपल्या ओळखीचे आहे. १५ सप्टेंबरला आपण दुःखी मातेचा सण पाळतो. तिच्या चित्रातही हृदय आहे आणि त्यात तलवारी आहेत. वृद्ध शिमोनाने मंदिरात बाळ येशूला हातांत घेतले आणि मारियेला सांगितले की, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. केवढे हे वाक्य, तेही चाळीस दिवसांच्या बाळंतिणीला! पण शिमोनाने तारीख सांगितली नाही, उपाय सांगितला नाही, दक्षिणा मागितली नाही. आणि मारियेनेही ‘कधी? कोणाकडून? टाळता येईल का?’ असे विचारल्याचे लूक लिहीत नाही. ती बाळाला घेऊन नासरेथला गेली, पीठ मळू लागली, पाणी भरू लागली. लूक तिच्याविषयी दोनदा सांगतो की, घडलेल्या गोष्टी ती आपल्या मनात साठवून ठेवी.

कोणाला आत्मपरीक्षण शिकायचे असेल तर ते इथे आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला, तीन दिवस सापडला नाही. भेटल्यावर मारियेने मनातल्या मनात अर्थ लावले नाहीत. तू असे का केलेस, आम्ही किती कासावीस होऊन तुला शोधले, हे तिने मुलालाच तोंडावर विचारले. त्याचे उत्तर तिला कळले नाही, असेही लूक प्रांजळपणे लिहितो. तरी ती त्याला घेऊन घरी आली. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हाही ती कुढत बसली नाही, ज्याला सांगायचे त्याला जाऊन सांगितले. मारियेचे मनन माणसापर्यंत पोहोचते. पत्ता आपल्याला आपल्यापाशीच फिरवत ठेवतो. तो आपल्याकडून काही मागत नाही, आपल्याला क्षमा करत नाही, आणि ‘बाई, चूक तुझीही आहे’ असे सांगायची त्याला हिंमत नसते, कारण अर्थ लावणारे आपणच! क्रूसाच्या वाटेवरच्या चित्रांत आणि या चित्रांत हाच फरक. तिथे आपल्याकडे पाहणारा कोणीतरी असतो.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे वर्ज्य ठरवले आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २११६ भविष्यकथनाचे सर्व प्रकार नाकारतो, त्यात राशी आणि हस्तरेषाही आल्या. कोणी म्हणेल, मी तर फक्त मनाचा विचार करतो. असेलही. पण ताणात असलेल्या माणसाचा प्रश्न फार वेळ तेवढाच राहत नाही. ‘मला काय वाटते?’ पासून ‘तो मला सोडेल का?’, ‘राजीनामा देऊ का?’ इथपर्यंत यायला दोन रात्री पुरतात. तिसऱ्या रात्री आपण कौलच लावत असतो, मग त्याला नाव काहीही द्या.

उद्याची खात्री किती असते, हे आपल्या भागाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होऊन गावे निजली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली. ती पहाट कोणत्या पंचांगात नव्हती, कोणत्या कुंडलीत नव्हती. आणि उजाडल्यावर ढिगारे उपसायला धावले ते हात माणसांचेच होते, सर्व जातिधर्मांच्या माणसांचे.

जुन्या करारातील शौल राजाची गोष्ट आम्हांला या संदर्भात फार करुण वाटते. पलिष्ट्यांची फौज पाहून त्याला कापरे भरले. ज्या भूतविद्या जाणणाऱ्यांना त्याने स्वतःच देशातून हाकलले होते, त्यांच्यापैकीच एकीकडे तो वेश पालटून रात्री एनदोरला गेला. तिथे जे ऐकले त्याने तो जमिनीवर कोसळला. दिवसभर अन्नाचा कण पोटात नव्हता. मग त्याच बाईने वासरू कापले, भाकरी भाजल्या, आग्रह करून त्याला खाऊ घातले. त्या रात्री शौलाला जो काही आधार मिळाला तो त्या भाकरीचा. आपल्याकडे रात्री पत्ते काढणाऱ्यांपैकी कितीजण जेवलेले असतात, कोण जाणे!

मग मन जाणून घ्यायचे कसे? १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला महिनोन्‌महिने खाटेवर होता. पडल्या पडल्या तो कधी शौर्याची स्वप्ने रंगवी, कधी संतांची चरित्रे वाचून त्यांच्यासारखे जगण्याचा विचार करी. दोन्ही विचारांत गोडी होती. पण पहिला विचार सरला की मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान रेंगाळे. एवढ्याशा निरीक्षणातून त्याची ‘आध्यात्मिक साधना’ उभी राहिली. तिला १५४८ मध्ये पोप तिसरे पौल यांची मान्यता मिळाली. तीत एक नियम आहे, तो आपल्या घराघरांत लावून ठेवावा असा आहे. मन उदास, कोरडे, अंधारलेले असताना घेतलेला निर्णय बदलू नये. उजेडात जे ठरवले होते त्याला धरून राहावे. टॅरोचा पत्ता बहुधा नेमका त्या अंधारातच काढला जातो.

इग्नेशियसची रीत साधी आहे. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे मोबाइल दूर ठेवून बसावे. देवाचे आभार मानून पवित्र आत्म्याकडे उजेड मागावा आणि आजचा दिवस सकाळपासून आठवावा. कुठे जीव हलका झाला, कुठे घट्ट झाला, कोणाला टाकून बोललो, कोण आपल्याला टाकून बोलले, हे पाहावे. क्षमा मागावी. आणि उद्या ज्या माणसाशी एक शब्द बोलायचा आहे त्याचे नाव घ्यावे. साहेबांचे असेल, सासूबाईंचे असेल, लातूरला राहणाऱ्या बायकोचे असेल. सुरुवातीला झोपच येईल, येऊ द्या. आठवड्याभरात सवय होते.

मात्र एक गोष्ट आम्हांला स्पष्ट सांगितली पाहिजे. जिथे घरात मारहाण होते, तिथे ‘बोलून पाहा’ एवढ्याने भागत नाही. तिथे आधी सुरक्षित जागा हवी. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते श्रद्धा कमी असल्याचे लक्षण नव्हे, तो आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, पैसे पडत नाहीत.

इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तके आणून सर्वांसमोर जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार रुपये, म्हणजे चांदीची नाणी, भरली असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आम्ही चर्चच्या अंगणात होळी पेटवणार नाही. ज्यांच्याकडे पत्त्यांचा संच असेल त्यांनी तो दुसऱ्याला भेट देऊ नये एवढेच. मोबाइलवरचे अ‍ॅप तर एका बोटाने जाते. दर रविवारी मिस्सापूर्वी अर्धा तास प्रायश्चित्त संस्कारासाठी धर्मगुरू बसलेले असतात. ज्यांना पापनिवेदन नको, नुसते बोलायचे आहे, त्यांनी मिस्सानंतर थांबावे. सिस्टरांशी बोलणे ज्या भगिनींना सोयीचे वाटेल त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये जावे, चहा मिळेल. पत्ते पिशवीत घेऊन आलात तरी संकोच नको.