देव कोणाच्या पक्षाचा?

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खणावयास घेतलेल्या, आणि कालांतराने बुजविल्या गेलेल्या खंदकाचे नाव बागबाजारातील एका गल्लीने अद्याप जपले आहे. त्याच मोहल्ल्यात मदनमोहनाचे देऊळ आहे; विष्णुपूरच्या मल्ल राजाने द्रव्यटंचाईत ही मूर्ती गोकुळ मित्रांकडे गहाण ठेवली, ती माघारी गेलीच नाही, असे बागबाजारकर मानतात. विष्णुपुरात उरले ते १६९४ चे, भाजल्या मातीच्या शिल्पांनी मढलेले मंदिर आणि उघड्यावर पडलेली दलमादल तोफ, जी रघूजींचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांच्या स्वारीच्या वेळी, राजा गोपालसिंह नामसंकीर्तनात गढला असता, साक्षात मदनमोहनाने डागली, असे तेथील लोक निःशंकपणे सांगतात.

आणि १७४२ सालीच भास्करपंत काटव्यानजीक दाईहाटला दुर्गापूजा मांडून बसले होते! बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्या अकस्मात हल्ल्याने ती अर्धवट राहिली. १७४४ त मनकरा येथे वाटाघाटीस बोलावून पंतांचा घात झाला. उभय पक्षी उपासक असता देवाने कौल कोणास द्यावा? बंगाली कवी गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराणा’त पापाच्या पारिपत्यासाठी मराठ्यांना शिवच प्रवृत्त करतो, परंतु ते ब्राह्मण-वैष्णवांना छळू लागताच भवानी त्यांच्याकडे पाठ फिरविते. हा न्याय मला तोफेच्या चमत्काराहून अधिक पटतो, कारण त्यात देव कोणा राजाचा गोलंदाज होत नाही. तथापि ज्या निरपराध विणकऱ्याचा माग घरासकट जळाला, त्याचा हिशेब त्या पोथीतही लागत नाही.